दोन आकडे द्या फक्त!

घरातली इस्त्री घेऊन या! थंड आहे ना? मग उलटीसुलटी करा आणि तिच्यावरची ती बारीक अक्षरं वाचा. २३० व्होल्ट, १००० वॅट. सापडलं? आता हजाराला दोनशे तीसने भागा. ४.३५! इस्त्री तापत असताना तिच्यातून एवढे अँपिअर वाहतात! आणि मग २३० ला त्या ४.३५ ने भागा. ५३! हा आतल्या तारेचा रोध, ५३ ओहम! एक स्क्रू फिरवला नाही, काही उघडलं नाही, आणि पोटातली तार कळली!

मी वायरमन नाही, इंजिनिअर तर नाहीच. या विषयातलं मला काही म्हणजे काही कळत नाही, पण हे इतकं सोपं आहे की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही! नियम दोनच. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. तेच दोन आकडे हो! भागा, रोध मिळतो. गुणा, शक्ती मिळते!

आणि मग मी मल्टीमीटर आणला, आणि मग प्लग पॉइंटमधून पूर्ण काढून (हे शंभरदा सांगेन, पूर्ण काढून!) इस्त्रीचा नॉब चालूवर ठेवून प्लगच्या दोन बारीक पिनांना मीटरच्या सुया टेकवल्या, आणि आकडा पन्नाशीच्या किंचित पुढे जाऊन थांबला! कागदावरचा भागाकार मीटरवर उमटला!

आता गंमत बघा. गिझर २००० वॅटचा, जुना पिवळा बल्ब १०० वॅटचा. रोध कुणाचा जास्त? गिझरचा वाटतो ना? एवढं पाणी तापवतो तो! करा भागाकार. गिझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे रोध फक्त २६ ओहम. बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, रोध ५२९! उलटंच! व्होल्ट दोघांनाही तेच २३०, मग अडवणूक जिथे कमी तिथून करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणून वॅट जास्त. मला हे इतकं आवडलंय की मी येता-जाता गिझरकडे बघते!

आणि म्हणूनच ते दोन तऱ्हेचे सॉकेट! छोटं ६ अँपिअरचं, मोठं १६ चं. बादलीत सोडायचा १५०० वॅटचा रॉड घ्या: ६.५ अँपिअर! छोट्या सॉकेटची मर्यादा ओलांडली की! गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणीही हे प्लग लावायच्या आधी सांगू शकतं. प्रत्येक घरात हे माहीत असायलाच हवं!

बल्बचं अजून संपलेलं नाही. तो होल्डरमधून काढून मीटरवर धरा. ५२९ दिसायला हवेत, पण दिसतात चाळीसच्या आसपास! मीटर बिघडला का? नाही! तार थंड आहे! टंगस्टन तापून अडीच हजार अंशांच्या घरात गेलं की रोध असा चढतो. म्हणजे बटण दाबल्याच्या त्या पहिल्या निमिषात बल्ब पाच-सहा अँपिअर ओढतो आणि लगेच आवरतो! जुने बल्ब नेमके लावतानाच का उडायचे, ते लक्षात आलं? (पंखा, मिक्सर यांच्यात मोटर असते, तिथे हा भागाकार असा सरळ बसत नाही. तापणाऱ्या वस्तूंवरच हात साफ करा.)

यातला भागाकार ज्याच्या नावावर आहे, तो जॉर्ज ओहम कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा, जर्मनीत कोलोनला शाळामास्तर! बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्ट, टिकेना, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचे जोड घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. झाला स्थिर दाब! आणि मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडत बसला. १८२७ साली पुस्तक काढलं, पण लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ उजाडलं. चौदा वर्षं! मला तर आत्ताच जाऊन त्याचा हात हातात घ्यावासा वाटतो!

आणि दाब कमी झाला तर? संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं, की रोध तोच, पण करंटही घटतो आणि व्होल्टही, दोन्हीकडून मार! २००० वॅटचा गिझर जेमतेम १५०० चा उरतो. पाणी तापत नाही ते यामुळे!

आणि आता शेवटचं, नीट बसून ऐका. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची लाइन आहे, १९९९ पासून. एका बाजूला अधिक पाच लाख व्होल्ट, दुसऱ्या बाजूला उणे पाच लाख. मिळून दहा लाख! क्षमता १५०० मेगावॅट, म्हणजे दीडशे कोटी वॅट. भागा! १५०० अँपिअर! अख्ख्या राज्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे एवढी वीज, आणि करंट पावणेदोनशे गिझरांइतका! तीच वीज २३० व्होल्टवर पाठवायची तर ६५ लाख अँपिअर लागले असते, आणि तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट की नासाडी चौपट! म्हणून व्होल्ट चढवायचे! म्हणून ते उंच मनोरे, म्हणून इन्सुलेटरच्या त्या लांबच लांब माळा! असा मनोरा दिसला की मला हाक मारा. व्होल्ट आणि वॅट तुम्ही शोधून ठेवा, भागाकार मी करते!