शहाजीराजांची कादंबरी

आज बंगळूरच्या कृष्णराज मार्केटला गेलो होतो. फुलांच्या गोण्या, टेम्पोंची गर्दी आणि पलीकडे किल्ल्याचा दगडी दिल्ली दरवाजा. पण हा दगड हैदर अलीच्या काळचा. १६३८ नंतर शहाजीराजांकडे आलं ते बंगळूर मातीच्या तटाचं. त्यांच्या हाताची एक वीटही इथे दाखवता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

शहाजीराजांवरच्या कादंबरीसाठी मनात घोळतोय तो १६४८चा जुलै. जिंजीजवळ आदिलशाही सरदार मुस्तफाखानानं राजांना कैद केलं. अठरा वर्षांचे शिवाजीराजे पुरंदरावर, त्यांचे थोरले भाऊ संभाजीराजे इथे बंगळुरात. दोघांवरही आदिलशाही फौजा चालून आलेल्या, दोघंही झुंजत होते. आणि ज्या बादशहाशी मुलं लढतायत, त्याच्याच कैदेत बाप! पुढच्या वर्षी सुटका झाली ती कोंढाणा आणि बंगळूर सोडून. जिंकलेला गड वडिलांसाठी परत करताना मुलाच्या मनात काय झालं असेल? कादंबरीकारानं इथे निवांत थांबावं. आपल्याकडे मात्र मुलाची गोष्ट रंगू लागली की शहाजीराजे मागे पडतात.

पुढे कनकगिरीला संभाजीराजे धारातीर्थी पडले. जिजाऊ दूर पुण्याकडे. राजांजवळ दुसऱ्या पत्नी तुकाबाई आणि त्यांचे पुत्र एकोजी. थोरला मुलगा गेल्याची बातमी राजांनी जिजाऊंना कोणत्या शब्दांत कळवली असेल? दरबारी कवी जयराम पिंड्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त राजांच्या दरबाराचं वैभव आहे; मला घरातलं बोलणं ऐकायचंय.

१६६४मध्ये होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून राजे वारले. तिथल्या समाधीला पुढच्या सुट्टीत जायचंच.