अकरा फुटांचं छत

दिंद्रुडातल्या एका पत्र्याच्या दुकानाचं फॉल्स सीलिंग आज रेव्हिट या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून मालकांचा हट्ट. भिंतींच्या आत क्लिक केलं की छत आपोआप पसरतं. पण 2 बाय 2 फुटांची जाळी म्हणजे नुसत्या रेघा. टी-पट्ट्या, लोंबत्या तारा, काहीच नसतं. दुकान 11 फूट रुंद. एका भिंतीपासून निघालो तर पाच टाइल अख्ख्या आणि शेवटी फूटभर कातरण, डोळ्यांत खुपणारं. जाळी मधोमध सरकवली: चार अख्ख्या, दोन्हीकडे दीड-दीड फूट. मालक म्हणाले, "ते सगळं खरं, पण पंखा कुठं टांगायचा?" पत्र्याखालच्या अँगललाच, टाइलला नव्हे. तेवढं मात्र मिस्त्रीला पेन्सिलनं काढून द्यावं लागणार.