आधी उंची, मग महिना

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नॉर्वेतल्या हार्डांगर फ्योर्डच्या काठी उभं राहिलं की दोन ऋतू एकाच नजरेत मावतात. पाण्यालगत लोफ्टहूसच्या बागांत सफरचंद फुललेलं असतं, बांधाबांधाशी पाकळ्यांचा थर साचलेला असतो. मान जरा वर करावी, तर पलीकडच्या काठावर फोल्गेफोन्ना हिमनदीच्या अंगाला हिवाळा अजून ठाण मांडून बसलेला. मधल्या उतारावर बर्चची झाडं आता कुठे पालवताहेत. वसंत इथे आधी पाण्याशी येतो आणि मग सावकाश डोंगर चढू लागतो. माथ्यावर पोचेपर्यंत त्याचा अख्खा जून सरतो.

म्हणून फ्योर्डला कधी जावं असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, तुम्हाला किती उंचीवर जायचं आहे? महिना त्यानंतर ठरतो.

हार्डांगर समुद्रापासून आत १७९ किलोमीटर गेला आहे, तोही साठाव्या अक्षांशावर. तरी भर जानेवारीत त्याचं मुख्य पाणी मोकळं वाहतं, कारण अटलांटिकमधून वर येणारा कोमट प्रवाह हा सारा किनारा उबदार ठेवतो. संगीतकार एडवर्ड ग्रीग १८७७मध्ये लोफ्टहूसला आला आणि हिवाळाही त्यानं इथेच काढला. पाण्याकाठच्या एका खोलीएवढ्या झोपडीत त्याचं जी मायनरमधलं स्ट्रिंग क्वार्टेट आकाराला आलं. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. त्या उजेडात लांबची पायपीट करता येत नाही, पण शांतपणे राहता मात्र येतं.

धबधब्यांसाठी जाणाऱ्यानं मेअखेर ते जूनचा मध्य धरावा. सह्याद्रीत आपण ढगांची वाट पाहतो. इथे उन्हाची पाहावी लागते. दिवस तापला की माथ्यावरचं बर्फ सुटतं आणि दुपार कलता कलता कड्याकड्यावरून पाणी कोसळू लागतं. ज्या घळीत सकाळी नुसती ओल दिसली, तिथे संध्याकाळी गर्जना ऐकू येते. १८२ मीटर उंचीचा व्योरिंग्सफॉसेन मात्र पूर्णपणे निसर्गाच्या हाती राहिलेला नाही. त्याच्या वरचं पाणी वीजप्रकल्पाकडे वळवलं आहे आणि उन्हाळ्यात सेकंदाला किमान १२ घनमीटर पाणी दरीत सोडण्याचं बंधन आहे. हे कळल्यावर मला क्षणभर वाईट वाटलं होतं. पण त्या कठड्याशी उभं राहून तुषार तोंडावर घेताना ते विसरायला झालं, हेही खरं.

कयाकसाठी जून ते ऑगस्ट, आणि शक्यतो सकाळ. उन्हाच्या दिवशी जमीन तापते, तसा दुपारी समुद्राकडून आत वारा सुटतो. पहाटे आरशासारखं असलेलं पाणी तीनच्या सुमाराला लाटांनी उठतं. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं म्हणून वरच राहतं, त्यामुळे जूनमध्येही हात बुडवला की हाड गारठतं. हवा वीस अंश आहे म्हणून पाणीही तसंच असेल, असं समजू नये. पाण्यात पडलो तर काय, हा विचार करूनच कपडे घालावेत.

मला सर्वांत काळजी वाटते ती ट्रोलटुंगाची. रिंगेडाल तलावावर सुमारे ७०० मीटर उंचावर पुढे आलेली ती कातळाची जीभ प्रत्येकानं चित्रात पाहिलेली असते, आणि चित्र पाहूनच बेत ठरतो. शेग्गेडालच्या वाहनतळावरून जाऊन-येऊन २७ किलोमीटर चालावं लागतं, दहा-बारा तास. वरच्या वाहनतळापर्यंत गाडी गेली तरी २० किलोमीटर उरतातच. वाट समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून वर जाते आणि तिथे जून बराचसा सरेपर्यंत बर्फ असतं. वरून घट्ट दिसणाऱ्या त्या थराखाली ओढा वाहत असतो. पाय कुठे खचेल ते दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळाबाहेर तिथे वाटाड्याशिवाय जाऊच नये, आणि जूनच्या सुरुवातीलाही त्या दिवसाची बर्फाची खबर घेतल्यावाचून निघू नये. नॉर्वेजियन माणसं लहानपणापासून डोंगराचे नियम शिकतात. त्यातला एक सांगतो की वेळेत मागे फिरा, त्यात लाज कसली! दूरवरून, एवढा खर्च करून आलेल्या माणसाला हाच नियम पाळणं सर्वांत जड जातं. तो पाळलेले लोक पाहिले की मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. वाटा मोकळ्या, बर्फ गेलेलं, दिवस अजून तेरा-चौदा तासांचा, आणि जुलैची गर्दी ओसरलेली. आता ऋतू उलट्या दिशेनं, माथ्यावरून खाली उतरत असतो. वर पठारावर बिलबेरीची झुडपं लालभडक झालेली, आणि काठाशी त्याच बागांत सफरचंदं तोडणीला आलेली. रस्त्याकडेच्या फळांच्या टपरीवर माणूस नसतो. पिशवी उचलायची आणि पैसे ठेवायचे. महिना पुढे सरकला की मात्र पश्चिम किनाऱ्यावर पावसाचा जोर वाढतो.

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं शाळेच्या सुटीत, म्हणजे मेमध्ये निघतात. जरूर जा, पावसाच्या मानानं तो चांगला महिना आहे आणि फुलोरा पुन्हा वर्षभर दिसणार नाही. पण त्या सहलीत काठावरच राहा. बागांतून चाला, बोटीनं फिरा, धबधबे पाहा. ट्रोलटुंगाला जायचंच असेल, तर त्यासाठी वेगळं तिकीट काढा, सप्टेंबरचं.