कातडीच्या आत, कातडीच्या वर

आमच्या घाटकोपरच्या दवाखान्यात नवी मुलगी कामाला लागली की सिरिंज हातात देण्याआधी मी तिला स्वतःचा खांदा चाचपायला लावते. खांद्याच्या टोकाला जे हाड बोटाला लागतं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडायची. तिथे दंडाचा स्नायू जाड असतो. लसीची जागा ती. सुई फार वर गेली तर सांध्यापर्यंत पोचते आणि खांदा कित्येक महिने आखडतो. फार खाली किंवा मागे गेली तर नसेला धक्का. कमरेत सुई द्यायची झाली तर कुल्ल्याचा वरचा, बाहेरचा चौथा भागच का? कारण पायात उतरणारी जाड सायटिक नस त्याच्या आतल्या अंगाने खाली जाते. तान्ह्या बाळाला मात्र मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कारण त्याच्या दंडावर पुरेसा स्नायूच नसतो.

असल्फा, भटवाडीकडून येणाऱ्या या मुली बारावी होऊन एखादा सहा महिन्यांचा कोर्स करून आलेल्या असतात. हुशार असतात, पण त्यांना आजवर सगळ्यांनी ‘सांगितलंय तेवढं कर’ एवढंच शिकवलेलं असतं. मला ते मुळीच पटत नाही. कारण माहीत नसलेला नियम गर्दीच्या वेळी पहिला सुटतो.

रक्त काढतानाच बघा. कोपराच्या खळगीत बोटाचं टोक टेकवायचं. शीर दबते आणि बोट उचललं की वर येते. धमनी ठोके देते. करंगळीच्या बाजूची शीर कितीही ठसठशीत दिसली तरी ती शेवटी धरायची, कारण तिथे धमनी आणि मोठी नस जवळ असतात. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. स्पिरिट लावलं की अर्धा मिनिट वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही. आणि पुसल्यावर त्या जागी बोट परत लावायचं नाही. हे सगळ्यात अवघड. शीर हरवल्यासारखी वाटते आणि बोट आपसूक तिकडे जातं. गेलंच तर पुन्हा पुसायचं, पुन्हा वाळू द्यायचं, मग बाहेर बाकावर कितीही माणसं खोळंबलेली असोत.

‘ताई, एवढ्याने काय होतंय?’ असं कुणी विचारलं की मी मुल्कोवालची हकीकत सांगते. ऑक्टोबर 1902, पंजाबातलं गाव, प्लेगची साथ. लस आपल्या मुंबईची, परळला शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. एका दिवशी 107 जणांना टोचली. त्यातले एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरीवरून दूर व्हावं लागलं. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली तेव्हा कुठे 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि त्यांचे बीजाणू औषधी पाण्यात नुसतं बुचकळून मरत नाहीत. त्या मदतनीसाला हे कुणी समजावून सांगितलं होतं का, हा प्रश्न मला कायम पडतो. नुसतं ‘चिमटा स्वच्छ ठेव’ म्हटलं तर कुणीही तो पुसून परत वापरेल.

हातांचंही तेच. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळला की बहुतेक वेळा पुरतो. पण जुलाबाचा रुग्ण हाताळला, हाताला रक्त किंवा घाण लागली, तर साबण आणि पाणीच हवं. खोकणारा रुग्ण आला की आधी खिडकी उघडायची, त्याला मास्क द्यायचा. आपल्या उपनगरांतल्या कोंदट खोल्यांमध्ये टीबी हवेतूनच पसरतो.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. ती कटरमध्ये, मग पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. हा कचरा दवाखान्यातून पुढे जातो आणि तिथेही तो कुणाच्या तरी हाताखालून जातो. सुई टोचलीच तर बोट पिळत बसायचं नाही. साबणाने धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीविरोधी औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पहिल्या काही तासांत झालं तर उत्तम. मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात. ओरडणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून एक विनंती. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही तुमची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलीचे ते झालेत का, हे आजच तिला विचारा.