खोळ

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो आणि बंद मोटारीतले कापड विटू लागते. म्हणून नवी गाडी आली त्याच दिवशी मी सीटांवर जाड खोळी चढवल्या. दर दिवाळीला त्या गाडीतच साफ करायच्या. आधी कोरड्या ब्रशाने धूळ झटकायची. ती भिजली की चिखल होऊन धाग्यांत मुरते. मग नुसता साबणाचा फेस, घट्ट पिळलेले फडके आणि सताड उघडी दारे. पाणी गादीत उतरले, तर कुबट वास संक्रांतीपर्यंत सोबत करतो!

गेल्या दिवाळीत एक खोळ उसवली, म्हणून १२ वर्षांनी सगळ्याच काढल्या. खालचे निळे कापड अगदी कोरे! अभिमान वाटायला हवा होता, वाटली हुरहूर. रामटेकच्या वाटेवर सांडलेला संत्र्याचा रस, आईने शेवटच्या वर्षी डोके टेकून टेकून उमटलेली तेलाची खूण, सारे खोळींवर होते. जपलेल्या कापडाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

भाऊबीजेला ताई आली. दार उघडून थबकली.

"अरे, खोळी कुठे? कापड खराब होईल."

"होऊ दे," मी म्हटले. "बस."