आधी बघणं
ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. पडल्या पडल्या छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी काढलेले फोटो चाळत होतो. माणूस मूळचा अकोल्याचा. मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं त्यांनी टिपलं, २०१६ साली पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेल्या माणसाकडे बघायचं, तेही कीव न करता, हे त्यांना कसं जमलं असेल?

जरा बरं वाटल्यावर रामाकोना गावाबाहेर फिरायला गेलो. संत्र्याच्या बगीच्यात आंबिया बहाराच्या फळांची तोड चालली होती. एका बाईच्या मनगटावर काट्यांचे ओरखडे, काही ताजे, काही सुकलेले. माझा हात मोबाइलकडे गेला.

‘‘फोटो काढून काय करता, भाऊ?’’

उत्तर सुचेना. मग तिच्याशी बोलत बसलो. फोटो राहिला, काढावा की नाही, अजून ठरत नाही.