संगणकाचा उन्हाळा

यंत्रास ऋतू नसतात, अशी पुष्कळांची समजूत असते. औशासारख्या गावी संगणक बाळगणाऱ्यास ती फार दिवस बाळगता येत नाही. आमच्या घरी पुतण्याचा असा एक संगणक आहे. त्यावर तो त्रिमिती चलच्चित्रे तयार करून पुण्यास पाठवितो. त्याने ह्या मिळकतीवर गावीच राहावे की शहराची वाट धरावी, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे घोळत आहे; म्हणून त्या पेटीच्या प्रकृतीकडे आम्हां सर्वांचेच लक्ष असते.

चित्रे लवकर तयार व्हावीत म्हणून तो प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने पळवितो. ह्या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवावयाचा तर बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खरी मेख तेथेच आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते. परंतु दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग व दाब दोन्ही 10 टक्क्यांनी चढविले, तर उष्णता 10 नव्हे, सुमारे 33 टक्क्यांनी चढते. घरातील कर्त्या पुरुषांस हा व्यवहार सावकारी व्याजासारखा वाटला, त्यात नवल नाही.

ही उष्णता काढून नेण्यासाठी त्याने पाण्याची योजना केली आहे. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, त्यातून पंपाने खेळविलेले पाणी, आणि ते पाणी निवविणारी पंख्यांपुढील जाळी, म्हणजे रेडिएटर. हे ऐकताच माईंनी कपाळास हात लावला. 2016 साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा त्या विसरलेल्या नाहीत. "माणसांना पाणी नाही, अन् तू पेटीला पाजतोस?" असे त्या म्हणाल्या. लिटरभर पाणी नळ्यांतून सतत फिरत राहते, खर्ची पडत नाही, हे त्यांस पटविण्यास पुतण्यास एक संध्याकाळ लागली. वस्तुतः पाण्याने गारवा साधण्याची कल्पना औशास नवी नाही. येथे एक जुने तळघर आहे. त्याच्या दिवाणखान्याचे छत म्हणजेच पाण्याचा हौद! पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 साली बसविलेला परम ब्रह्म हा महासंगणकदेखील द्रवानेच थंड ठेवला जातो. माईंस महासंगणकापेक्षा तळघराचा दाखला अधिक मानवला.

पाणी मात्र जादू करीत नाही. ते जाळीत निवते ते खोलीतल्या हवेवर. तेव्हा खोलीहून थंड ते कधीच होणार नाही. मार्गशीर्षात खोलीत 20 अंश असता प्रोसेसर 78 वर राही. वैशाखात तीच वरची स्लॅबची खोली 39 वर गेली, आणि मधले 58 अंशांचे अंतर तेवढेच राहून प्रोसेसर 97 वर पोहोचला. अलीकडील पुष्कळ प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या सुमारास स्वसंरक्षणार्थ आपण होऊनच वेग उतरवितात. म्हणजे वेग वाढवून जे मिळविले ते उन्हाने काढून घेतले! त्या वैशाखात एक काम दोन दिवस उशिरा गेले व देणेकऱ्याने पैसे कापले. घरात त्या रात्री फारसे कोणी बोलले नाही.

येथे आणखी एक फसवणूक संभवते, ती सांगितली पाहिजे. यंत्राची परीक्षा पुतण्या पाच मिनिटे घेई, व ती उत्तम उतरे. परंतु 250 वॉट उष्णता लिटरभर पाण्यास एक अंश तापविण्यास सुमारे 17 सेकंद घेते. पाणी स्वतःच ती पोटात साठवून घेते व काही मिनिटे सर्व क्षेम आहे असे भासविते. पाऊण तास पूर्ण भार ठेवून, पाण्याचे तापमान वाढावयाचे थांबल्यावर जो आकडा दिसेल, तोच खरा.

उपायांविषयी घरात मतभेद झाले. दादांचे मत वातानुकूलन यंत्र घ्यावे. आम्हांस ते पटले नाही; एकदा वीज जाळून उष्णता करावयाची व पुन्हा वीज जाळून ती घराबाहेर काढावयाची, हा दुहेरी भुर्दंड आहे. आम्ही माजघर सुचविले. जुन्या वाड्याचे माजघर माळवदाखाली आहे. मातीच्या त्या जाड थरामुळे वर 39 अंश असता तेथे 32 भरतात. सात अंश फुकट पदरात पडतात. अडचण एकच, माई दुपारी तेथेच आडव्या होतात आणि पंख्यांचा आवाज त्यांस सोसत नाही. शेवटी एक ते चार यंत्राने मुकाट बसावे व जड काम रात्री करावे, अशी तडजोड झाली. ती आजवर पाळली गेली आहे, हे विशेष.

बाकीची पथ्ये थोडक्यात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते नळ्यांत घालू नये; ऊर्ध्वपातित पाणी व त्यात गंजरोधक द्रव्य घालावे. तांब्याचा ठोकळा असता ॲल्युमिनियमची जाळी जोडू नये, एक धातू दुसऱ्यास खातो. पंप सर्वांत वर नसावा, हवा तेथे अडकते. बर्फाचा प्रयोग तर मुळीच नको. नळ्यांवर दव धरते, आणि विजेशी दवाचे सख्य नाही. काळ्या मातीची धूळ जाळीत बसली की सर्व हिशेब बिघडतो.

पुतण्याने आता भिंतीवरील पंचांगाशेजारी आपला एक कागद लावला आहे. अक्षय्य तृतीयेपासून मृग निघेपर्यंत वेग कारखान्याचा आणि विजेचा दाब शक्य तितका उतरविलेला. पावसाळ्यात थोडी चढ. कार्तिकापासून माघापर्यंत पूर्ण वेग. पुण्याची मोठी कामे तो त्या चार महिन्यांतच मागून घेतो. जाळीची सफाई दिवाळीच्या झाडलोटीत धरली आहे, आणि पाणी चैत्रात बदलावयाचे ठरले आहे.